करवंटीच्या कोळशाचा घरगुती वॉटर फिल्टर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी आमचे गाव आहे. 2019 च्या ऑगस्टमधील महापूर ओसरल्यावर नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचे (क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे) प्रमाण वाढवण्यात आले, आणि ते योग्यच होते. पण त्या पाण्याचा वास सासूबाईंना इतका नकोसा होई की त्या कुणाला न सांगता मळ्यातल्या विहिरीची कळशी भरून आणवीत आणि तेच पाणी पीत. सुरक्षित पाणी घरात असताना केवळ वासापायी माणूस असुरक्षित पाण्याकडे वळतो, हे मी माझ्याच घरात पाहिले. कोळशाच्या फिल्टरच्या खटपटीला मी लागले ती त्यामुळे. पुढे जलजीवन मिशनमधून गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण मिळाले, त्यांत मीही होते. त्या किटने माझ्याच फिल्टरमधील चूक मला दाखवून दिली. तो प्रसंग पुढे सांगते.

फिल्टर करायला घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोळसा पाण्यातील क्लोरीन, वास, वाईट चव आणि काही प्रमाणात रंग काढून टाकतो. जंतू मारणे हे त्याचे काम नव्हे. फिल्टरमधून आलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, आणि त्या दिसण्यावर विसंबून लोक ते तसेच पितात. या कामातील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

1. आपल्या पाण्याचा दोष आधी ओळखा

पाणी नळाचे असेल, त्यात क्लोरीन नीट घातले जात असेल आणि तुमची तक्रार फक्त वासाची किंवा चवीची असेल, तर हा फिल्टर तुमच्यासाठीच आहे.

विहिरीचे किंवा नदीचे पाणी थेट वापरत असाल, तर आधी ते निर्जंतुक करावे लागेल. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून दोन-तीन तास निवळू द्या, वरचे पाणी कापडातून गाळून घ्या, त्यात जलसुरक्षकाने (ग्रामपंचायतीत पाण्याचे काम पाहणाऱ्याने) किंवा आरोग्यसेवकाने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीनचे द्रावण घाला, अर्धा तास थांबा आणि मगच ते फिल्टरमध्ये ओता. हा अर्धा तास टाळून चालत नाही, कारण क्लोरीन घालून लगेच फिल्टरमध्ये ओतले तर जंतू मरण्याआधीच कोळसा ते क्लोरीन संपवून टाकतो.

तिसरा प्रकार खाऱ्या आणि जड पाण्याचा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतील बोअरचे पाणी असो की आमच्याकडील क्षारपड पट्ट्यातील विहिरीचे, त्यात विरघळलेले क्षार कोळशाने कमी होत नाहीत. फ्लोराईड आणि नायट्रेटही या फिल्टरने जात नाहीत. उसाला भरपूर रासायनिक खत दिल्या जाणाऱ्या शिवारातील विहिरीत नायट्रेटची शंका नेहमी घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नसावे, आणि एकूण विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतले जातात. तुमचा त्रास या जातीचा असेल तर करवंट्या जमवण्यात वेळ घालवू नका.

हे ठरवण्यासाठी ग्रामपंचायतीत जाऊन तपासणी किटची मागणी करा. सविस्तर अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जाण्याआधी फोन करून वेळ आणि शुल्क विचारून घ्या. नमुन्यासोबत गावाचे व तालुक्याचे नाव, स्रोत कोणता (नळ, विहीर की बोअर), नमुना घेतल्याची तारीख व वेळ आणि तुमचा संपर्क क्रमांक लिहिलेला कागद लागतो. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. घरातील शीतपेयाची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. तो नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचता करावा.

2. साहित्य

- झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे. वरचा सुमारे 10 इंच व्यासाचा आणि 18 इंच उंचीचा असावा, म्हणजे त्यात साधारण 23 लिटर मावतात. खालचा साठवणीचा डबा 20 लिटरचा पुरे. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 2 किंवा 5 हा आकडा असेल तो घ्या.
- दोन तोट्या, त्यांचे रबरी वॉशर आणि नट, टेफ्लॉन टेप
- नारळाच्या कोरड्या करवंट्या, सुमारे 15 किलो
- कोळसा करण्यासाठी घट्ट झाकणाचा जुना स्टीलचा किंवा साध्या लोखंडाचा डबा
- धुतलेली वाळू आणि दोन आकारांची खडी
- जुने सुती पातळ किंवा धोतर
- गव्हाची चाळण, रव्याची चाळण, खलबत्ता, तोंडाला बांधायला रुमाल

कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही मजबूत असला आणि कितीही घासला तरी वापरू नका. शेतकरी घरात असे डबे सहज हाताशी येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. कोळशाच्या भट्टीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबाही टाळा, कारण तो तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो.

करवंट्या मंगल कार्यालयाच्या किंवा खानावळीच्या स्वयंपाकघरात मागितल्या तर आनंदाने मिळतात. करवंटीचा कोळसा कठीण असतो आणि त्याची भुकटी कमी होते. ती मिळाली नाही तर बाभळीचा कोळसा चालतो. दगडी कोळसा किंवा शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटा मात्र चालणार नाहीत.

3. कोळसा पाडणे

करवंटीचे आतले खोबरे आणि बाहेरची शेंडी पूर्ण खरवडून काढा, कारण खोबऱ्याचा तेलकटपणा राहिला तर कोळशाला खवट वास येतो आणि तो धुऊनही जात नाही. करवंट्या चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, हातोडीने बोटाएवढे तुकडे करा आणि डब्यात गच्च भरा. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा. हे भोक विसरलात तर आतला वायू कोंडून झाकण उडू शकते.

अंगणात, घरापासून लांब, तीन दगडांवर डबा ठेवून खाली आणि भोवती जाळ करा. बंद खोलीत किंवा पडवीत हे काम करू नका. या धुरात जिवाला घातक असा कार्बन मोनॉक्साइड असतो. सुरुवातीला भोकातून पांढरी वाफ येते, नंतर पिवळसर दाट धूर येतो, आणि काही वेळाने त्या धुरालाच ज्योत लागते. ही ज्योत निळसर होऊन आपोआप विझली आणि धूर थांबला की कोळसा तयार झाला असे समजा. माझ्या डब्याला यासाठी दोन ते अडीच तास लागतात.

त्यानंतर डब्याला हातही लावू नका. जाळ काढून घ्या, भोक ओल्या मातीने लिंपा आणि रात्रभर तसाच राहू द्या. पहिल्या वेळी मी तासाभरात झाकण उघडले. वरचा थर काळाभोर, थंड दिसत होता, पण हवा लागताच आतून लाली पसरत गेली आणि अर्ध्या कोळशाची राख झाली. राख पाण्यात उतरली की पाणी बुळबुळीत आणि तुरट लागते, म्हणून पांढरे पडलेले तुकडे निवडून टाकावेत.

नीट झालेला तुकडा हलका असतो, दुसऱ्या तुकड्यावर टाकला तर काचेसारखा खणखण वाजतो आणि मोडल्यावर आत कुठेही तपकिरी दिसत नाही. तपकिरी दिसला तर तो अर्धवट जळलेला आहे. परत भट्टीत घाला. करवंटीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा कोळसा पडतो.

येथे एक प्रामाणिक खुलासा करणे आवश्यक आहे. बाजारात ज्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात, तो कारखान्यात 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफ देऊन केलेला असतो. त्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग 500 चौरस मीटरहूनही जास्त भरतो. घरच्या भट्टीत तेवढी छिद्रे उघडत नाहीत. घरचा कोळसा त्याच जातीचे काम करतो, पण कमी ताकदीने, आणि म्हणून त्याचा थर जाड ठेवावा लागतो व तो लवकर बदलावा लागतो. तुमच्या विहिरीत फवारणीच्या औषधाचा अंश असल्याची शंका असेल तर घरच्या कोळशावर विसंबू नका. ते पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊच नका.

कोळसा घरीच ॲक्टिव्हेट करण्यासाठी तो लिंबाच्या रसात किंवा ब्लीचमध्ये भिजवण्याचे उपाय सांगितले जातात. मी ते करत नाही, आणि तुम्हीही करू नये असे कळकळीने सांगते. विशेषतः ब्लीच आणि लिंबाचा रस, किंवा कोणतेही आम्ल, एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसे जाळतो. अधिक ताकदीचा कोळसा हवा असेल तर फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून करवंटीपासून केलेला दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन विकत आणा. पुढची सर्व कृती त्यालाही तशीच लागू आहे.

4. फोडणे, चाळणे, धुणे

तोंडाला रुमाल बांधून कोळसा किंचित ओला करून कुटा, म्हणजे धूळ उडत नाही. कोळसा वाळला की आधी गव्हाच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेले मोठे तुकडे परत कुटा. खाली पडलेला कोळसा रव्याच्या चाळणीत घाला. तिच्यातून गळालेली भुकटी बाजूला काढा आणि वर राहिलेले दाणे फिल्टरसाठी ठेवा. ज्वारी-बाजरीच्या दाण्याएवढा आकार सर्वांत चांगला. मोठ्या तुकड्यांमधून पाणी भरभर निसटते आणि कोळशाशी त्याचा पुरेसा संबंध येत नाही, तर भुकटीने फिल्टर तुंबतो.

हे दाणे पाणी काळे येणे पूर्ण थांबेपर्यंत धुवा. मला साधारण दहा पाणी लागतात. त्यानंतर ते उकळत्या पाण्यात घालून चोवीस तास भिजत ठेवा. नवशिके ही पायरी हमखास गाळतात. कोरड्या कोळशाच्या छिद्रांत हवा असते, त्यामुळे तो तरंगतो, थर फाटतो आणि पाणी फटीतून वाट काढून तसेच खाली जाते. दाणे तळाशी बसू लागले म्हणजे ते भिजले.

5. वाळू आणि खडी

काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून जोराने हलवा व पाच मिनिटे ठेवा. वाळूवर गाळाचा जाड थर बसला तर अजून धुवायला हवी. नदीची वाळू मिळाली नाही तर बांधकामाची क्रश सँड चालते, मात्र तिच्यातील दगडाची पूड चाळून, धुऊन पूर्ण काढावी लागते. वाळू व खडी मोठ्या पातेल्यात दहा मिनिटे उकळून घ्या.

6. थर भरणे

वरच्या डब्याला बुडापासून एक इंचावर भोक पाडून तोटी बसवा. वॉशर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे लागतो. तोटीच्या आतल्या तोंडावर सुती कापडाची दुहेरी घडी दोऱ्याने बांधा. डबा रिकामा असतानाच त्यात पाणी भरून रात्रभर ठेवा, कारण थर भरल्यानंतर गळती कळली तर सगळे उपसावे लागते.

आता खालून वर या क्रमाने भरा: सुपारीएवढी खडी 2 इंच, त्यावर जाड वाळू 1 इंच, त्यावर कापडाची एक घडी, मग भिजलेला कोळसा 6 इंच, परत कापड, त्यावर बारीक वाळू 3 इंच आणि सर्वांत वर बारीक खडी 1 इंच. वरची खडी केवळ ओतलेल्या पाण्याच्या धारेने वाळूत खड्डा पडू नये यासाठी आहे. सगळे मिळून 13 इंच होतात आणि वर 5 इंच, म्हणजे सुमारे 6 लिटर पाण्याची जागा उरते. प्रत्येक थर घालताना डब्यात पाणी असू द्या, थर पाण्यातच बसवा आणि डब्याच्या कडेला हाताने नीट दाबा. बहुतेक वेळा पाणी कडेच्या फटीतूनच चुकारपणा करते.

भरलेल्या फिल्टरचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते. तो लाकडी स्टुलावर ठेवू नका. ओट्यावर किंवा दगडी कट्ट्यावर ठेवा आणि साठवणीचा डबा तोटीखाली येईल अशी जागा करा.

7. धार मोजणे

फिल्टर चांगला की वाईट हे बरेचसे धारेवर ठरते. 10 इंच व्यास आणि 6 इंच जाडी या मापाने कोळशाचा थर सुमारे 7.7 लिटर आकारमानाचा होतो. मिनिटाला अर्धा लिटर धार ठेवली तर पाण्याला कोळशाच्या थराशी सुमारे पंधरा मिनिटे मिळतात, आणि तेवढी मिळायला हवीत. म्हणून तोटी किंचितच उघडा, खाली एक लिटरचे माप ठेवा आणि घड्याळ लावा. ते दोन मिनिटांच्या आत भरले तर धार जास्त आहे. योग्य जागा सापडली की तोटीवर खूण करून ठेवा, म्हणजे घरातील कुणीही ती तेवढीच उघडेल. वरचे पाणी पूर्ण आटू देऊ नका. वाळूवर दोन बोटे पाणी कायम हवे.

पहिले 40 ते 50 लिटर पाणी झाडांना घाला.

8. फिल्टर काम करतो का, हे तपासणे

ग्रामपंचायतीतील जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचे द्रावण असते. क्लोरीन असलेल्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. नळाचे पाणी एका नळीत आणि फिल्टरचे दुसऱ्या नळीत घेऊन दोन्हींत थेंब टाका. नळाचे पिवळे झाले पाहिजे. त्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असणे अपेक्षित आहे. फिल्टरचे पाणी बिनरंगी राहिले तर कोळसा काम करतो आहे. तपासलेले पाणी विषारी असते, ते लगेच ओतून द्या.

दुसरी तपासणी जंतूंची, आणि तिच्याबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. एका दिवाळीत आम्ही आठ दिवस गावाला गेलो होतो. परत आल्यावर फिल्टरमधून पाणी काढले. ते नितळ होते, वास नव्हता, चवही चांगली होती. सहज म्हणून मी जंतू तपासण्याच्या, एच टू एस च्या दोन कुप्या भरल्या, एक नळाच्या पाण्याने आणि एक फिल्टरच्या, आणि चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाची कुपी होती तशीच होती आणि फिल्टरची काळी ठिक्कर पडली होती. काळी पडणे म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. नळाचे पाणी चांगले होते. ते दूषित केले माझ्या फिल्टरने. कोळशाने क्लोरीन काढून घेतले, आठ दिवस पाणी आत थांबून राहिले, आणि एरवी भरताना कुणाच्या तरी हातून गेलेल्या जंतूंना ओलसर, अंधारा, खडबडीत आसरा मिळाला. त्या दिवसापासून पुढची पायरी आमच्या घरात कधीही चुकलेली नाही.

9. गाळलेले पाणी उकळणे

फिल्टरचे पाणी पिण्याआधी उकळा. पूर्ण खळखळून उकळी आल्यानंतर एक मिनिट पुरते. वीस मिनिटे उकळत ठेवून गॅस जाळण्याची गरज नाही. सातारा-सांगलीत कुठेही, अगदी सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरातही, हेच लागू आहे. निवलेले पाणी झाकणाच्या भांड्यात ठेवा, हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने घ्या आणि चोवीस तासांत संपवा. या पाण्यात क्लोरीन उरलेले नसते, त्यामुळे शिळ्या पाण्याला कसलेच संरक्षण नसते. तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस घरात असेल तर याबाबत कणभरही सवलत देऊ नका.

10. निगा आणि बदल

धार मंदावली तर वरची खडी आणि वाळूचा वरचा इंचभर थर काढून धुवा. कोळसा मात्र धुऊन ताजा होत नाही. तो उन्हात वाळवून किंवा उकळून पुन्हा वापरता येतो असा समज आहे, पण छिद्रांत धरून ठेवलेले पदार्थ एवढ्या उष्णतेने सुटत नाहीत. पाच माणसांच्या घरात मी दर दोन महिन्यांनी कोळसा बदलते. ओटी टेस्टमध्ये फिल्टरचे पाणी पिवळसर दिसले तर त्याआधीच बदलते. बदलल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवते. फिल्टर दोन दिवसांहून जास्त बंद राहिला तर आतले पाणी सोडून द्या आणि क्लोरीन असलेले नळाचे दोन-तीन डबे पाणी त्यातून जाऊ द्या. आठवड्याहून जास्त बंद राहिला तर कोळसा टाकून नवा भरा आणि वाळू-खडी परत उकळा.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ओळखीच्या काही घरांत फिल्टर पाण्याखाली गेले होते, आणि पाणी उतरल्यावर वरवर धुऊन ते परत वापरण्याचा विचार चालला होता. असे करू नका. पुराच्या पाण्यात शौचालयांचे, गोठ्यांचे आणि शेतातील औषधांचे सगळे उतरलेले असते, म्हणून कोळसा, वाळू, खडी, कापड सर्व टाकून द्या, डबे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात सुकवा आणि तोट्यांचे वॉशर नवे घाला. पुरात न भिजलेला, नेहमीच्या वापरातून काढलेला कोळसा मात्र कुटून परसातील शेणखतात मिसळायला हरकत नाही.